बीपी आहे आणि विसरायलाही होतंय: रोजचा अर्धा तास ॲपला द्यावा की चालायला?

बीपीची गोळी सुरू आहे आणि हल्ली दुसऱ्या खोलीत गेल्यावर ‘कशाला आलो’ तेच आठवत नाही. अशात वर्किंग मेमरी (काम करताना गोष्टी थोडा वेळ मनात धरून ठेवण्याची क्षमता) वाढवणाऱ्या ॲपची जाहिरात दिसली की बोट तिकडे जातंच. माझंही गेलं होतं.

खेळ साधा असतो. पडद्यावर एकेक अक्षर येतं: क, म, त, म. दोन घरं आधीचंच अक्षर पुन्हा आलं की बटण दाबायचं, म्हणजे इथे दुसऱ्या ‘म’ला. जमलं की तीन घरं, मग चार. महिन्याभरात मी दोनावरून चारावर गेलो. किल्ल्या मात्र पहिल्याइतक्याच हरवत होत्या. संशोधनाचा सूरही साधारण हाच आहे. अशा सरावाने बुद्धीच वाढते, हा 2008 सालचा निष्कर्ष बराच गाजला. पण 2013 मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले तेव्हा दिसलं की सुधारणा त्या खेळापुरती आणि त्याच्या भावंडांपुरती राहते, तीही थोडे दिवस. 2016 मध्ये अमेरिकेत ल्युमोसिटी या मेंदूच्या खेळांच्या ॲपच्या कंपनीला फसव्या दाव्यांच्या आरोपावरून 20 लाख डॉलर मोजावे लागले.

आता चालणं. बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या जाड आणि कडक होतात. विचारांचा वेग आणि दोन गोष्टी एकदम मनात धरणं, फटका आधी बसतो तो यांनाच. ॲप त्या वाहिन्यांपर्यंत पोचत नाही. नियमित भरभर चालण्याने बीपी असलेल्यांचा वरचा आकडा साधारण 5 ते 8 ने उतरतो. आणि आकडा उतरण्याला किंमत आहे: बीपी किती खाली आणावं हे पाहणाऱ्या, अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट’ नावाच्या अभ्यासात 9,361 जण होते. वरचा आकडा 140 ऐवजी 120 च्या खाली ठेवायचं ठरवलेल्या गटात स्मृती-विचारशक्तीची सौम्य घसरण सुमारे 19 टक्क्यांनी कमी दिसली. डिमेन्शियातला (स्मृतिभ्रंशातला) फरक मात्र ठामपणे सिद्ध झाला नाही. हे काम मुख्यतः गोळ्यांचं होतं, त्यामुळे चालायला लागलो म्हणून गोळी आपल्या मनाने सोडायची नाही.

माझं मत चालण्याकडे. गुडघे साथ देत नसतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा ॲप घ्या, पण पाठांतराचं नको. मेंदूच्या सरावाच्या ‘ॲक्टिव्ह’ या अभ्यासात 65 च्या पुढच्या 2,802 लोकांत स्मरणाच्या सरावाचा फायदा 10 वर्षांनी उरला नव्हता. पडद्यावरच्या गोष्टी वेगाने ओळखण्याच्या आणि तर्काच्या सरावाचा टिकला होता. (हे सगळे बीपीवाले नव्हते, हेही लक्षात असू द्या.)

रात्री जोरात घोरत असाल तर आधी डॉक्टरांना सांगा. झोपेत श्वास अडकण्याने बीपीही चढतं आणि विसरायलाही होतं.

आणि खेळ संपल्या संपल्या बीपी मोजू नका. डोक्याला ताण दिला की आकडा तात्पुरता चढतो. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, मग पट्टा बांधा.