आठ महिने वेबटून वाचल्यावर

गणपतीच्या सुट्टीत लेकीने माझ्या फोनमध्ये वेबटूनचं, म्हणजे फोनवर वाचायच्या कोरियन चित्रकथांचं, एक ॲप टाकून दिलं, त्याला आता आठ महिने झाले. चांदोबा आणि चाचा चौधरीवर वाढलेली मी; चित्रकथा म्हटलं की पान उलटायचं, एवढंच माहीत. इथे पानच नाही. जन्मपत्रिकेच्या भेंडोळीसारखी एकच लांबलचक रंगीत पट्टी, आणि ती अंगठ्याने वर सरकवत राहायची.

कोरियात चित्रकथांना मानह्वा म्हणतात. पूर्वी त्या भाड्याने घेऊन तिथेच बसून वाचायची दुकानं होती, मानह्वाबांग. मग २००३ मध्ये दाउम आणि २००४ मध्ये नेव्हर या पोर्टलांनी खास वेबटूनची सोय सुरू केली आणि उभी पट्टी रुळली. जपानी मांगासारखं उजवीकडून वाचायची भानगड नाही.

पहिल्या आठवड्यात मला वाटायचं नेट अडकलंय. दोन चित्रांमध्ये नुसतं पांढरं, सरकवा, अजून पांढरं. नंतर उमगलं, ती मोकळी जागा म्हणजे वेळ. पात्र गप्प झालं की पट्टी लांबते. दार उघडायचं असलं की आपला अंगठा आपोआप मंदावतो. होरांग या चित्रकाराची २०११ मधली, सोलच्या बोंगचॉन-डोंग भागातली भूतकथा वाचताना तर एका जागी पट्टी माझ्या हाताला न विचारता स्वतःच धावली. फोन थेट निवडत असलेल्या मेथीत!

नवख्यांनी संपलेली मालिका धरावी. मी 'स्वीट होम' धरली: घरचे सगळे गेल्यावर एकटाच जुन्या इमारतीत राहायला आलेला मुलगा, आणि आपल्याच हव्यासातून राक्षस होत जाणारी माणसं. सुमारे १४० भाग, तीन आठवड्यांत फडशा. चालू मालिकेचा ठरलेल्या वारी एकच भाग येतो, तोही नेमका नको तिथे तुटतो. तिथेच खिशाला कात्री. पुढचे भाग आधी वाचायचे तर ॲपमधली नाणी विकत घ्यायची. एका ॲपवर एका मालिकेसाठी पाच-दहा नाणी करता करता मार्चमध्ये ६४० रुपये गेले, आणि ती मालिका इंग्रजी भाषांतरात अर्धवटच सोडून दिलेली निघाली. तेव्हापासून नाणी बंद.

दुसरी कुरकुर इंग्रजी भाषांतराबद्दल. कोरियन मुलगी मोठ्या भावाला, आणि जवळच्या थोरल्या मित्रालाही, ओप्पा म्हणते, थोरल्या बहिणीला उन्नी. कॉलेजात वरच्या वर्गातला तो सनबे. इंग्रजीत बहुतेकदा नुसती नावं उरतात. मग एखादी मुलगी पहिल्यांदाच कुणाला ओप्पा म्हणून लाजते, ते लाजणं कशाचं हे कळतच नाही. 'दादा' आणि 'ताई' आपल्याकडे तयार आहेत की हो! माझ्या ॲपवर मात्र मराठीचा पत्ता नाही.

डोळे दुखतात, हेही सांगायला हवं. रात्री दिवा घालवून वाचू नका.

सध्या मंगळवारची एक चालू आहे. मी फुकट भागाची वाट बघते. लेक नाणी मोजून तीन भाग पुढे. जेवताना तिने तोंड उघडलं की मी कानांवर हात ठेवते.