वेब सर्व्हरला ड्राइव्ह कुठला: कॅबिनेटमधला की केबलीवरचा?

जळगाव-धुळ्याकडचे बरेच छोटे वेब सर्व्हर डेटा सेंटरात नसतात. जिनिंगच्या ऑफिसात, पतसंस्थेच्या मागच्या खोलीत किंवा क्लासच्या काउंटरखाली जुना डेस्कटॉप नाहीतर मिनी पीसी उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकून चालू असतो. त्यावर पावत्या, हजेरी किंवा केळीचे रोजचे भाव दाखवणारी साइट. डिस्क ९० टक्के भरली की पहिला विचार एकच येतो: एक्स्टर्नल आणू, मागे खुपसू, झालं काम. इथे तीन वस्तू त्याच नजरेने पाहिल्या आहेत: डब्ल्यूडी एलिमेंट्स पोर्टेबल २ टीबी (यूएसबीवरची फिरणारी डिस्क), सॅमसंग टी७ १ टीबी (यूएसबीवरचा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेला चिपांचा ड्राइव्ह) आणि कॅबिनेटच्या आत बसणारा एसएसडी सॅमसंग ८७० ईव्हो ५०० जीबी. निकाल आधीच सांगतो. साइट आणि डेटाबेस ८७० ईव्होवर, एलिमेंट्स फक्त बॅकअपला, आणि टी७ चांगला असूनही सर्व्हरच्या मागे कायमचा लटकवायला नको.

वेगाची चर्चा सगळेच करतात, पण खान्देशात आधी उन्हाचा हिशेब करावा लागतो. एलिमेंट्सच्या माहितीपत्रकात चालू असतानाचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं आहे. ३५ म्हणजे खोलीचं तापमान. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास भुसावळ-जळगावात दुपारी पारा ४४-४५ वर असतो आणि स्लॅबखालची बंद खोली रात्रीसुद्धा निवत नाही. या ड्राइव्हच्या प्लॅस्टिकच्या खोक्याला पंखा नाही, हवा खेळायला जागा नाही, आणि आतली डिस्क २४ तास फिरतेय. वर तो राउटरच्या डोक्यावर किंवा लाकडी कपाटात ठेवला, की त्याचं भरीत व्हायला वेळ लागत नाही.

कॅबिनेटमधल्या ड्राइव्हची गोष्ट वेगळी. साध्या इंटर्नल डिस्कची मर्यादा साधारण ६० अंशांची असते आणि ती खुद्द डिस्कच्या तापमानाची असते. ८७० ईव्होची ७० आहे. शिवाय समोर १२० मिमीचा एक पंखा लावला की हवा थेट डिस्कवरून जाते. स्मार्टसीटीएलने (डिस्कची तब्येत सांगणारी लिनक्सची आज्ञा) तापमानाची ओळ पाहत राहा: फिरणाऱ्या डिस्कवर १९४ क्रमांकाची, ८७० ईव्होवर १९० ची. फिरणारी डिस्क ५० च्या आत हवी. ५५ दिसलं तर त्याच दिवशी काहीतरी करा. वाळ्याच्या कूलरचं तोंड मात्र सर्व्हरकडे करू नका, ती हवा ओलसर असते. कूलर खोलीसाठी, पंखा डिस्कसाठी.

दुसरं दुखणं केबलीचं. एलिमेंट्सला मायक्रो-बी प्रकारचा चपटा, दोन भागांचा प्लग येतो. बाजूने हात लागला, झाडू मारताना केबल ओढली गेली, की तो केसभर सरकतो. दिवा चालूच राहतो, त्यामुळे बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. आत काय होतं ते पाहा. यूएसबीची जोडणी क्षणभर तुटते आणि परत जुळते. पण लिनक्सने आधी ‘एसडीबी’ म्हणून धरलेला ड्राइव्ह परत येताना ‘एसडीसी’ होऊन येतो. जुन्या माउंटवर (ड्राइव्ह ज्या फोल्डरला जोडला होता तिथे) चालू असलेली फाइल सिस्टिम चुका दाखवायला लागते, ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) स्वतःला फक्त वाचण्यापुरती करून घेते आणि मारियाडीबी हा डेटाबेस कोसळतो. साइटची पानं देणारा एनजिनेक्स मात्र चालूच असतो. मुखपृष्ठ उघडतं, लोगो दिसतो, पण पावती सेव्ह होत नाही. सगळं बंद पडलेलं एक वेळ बरं, लगेच कळतं तरी. हे असं अर्धं मेलेलं संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

विजेचंही तसंच. यूएसबी ३.० चं पोर्ट ९०० मिलीअँपिअर द्यायला बांधील आहे, २.० चं ५००. अडीच इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना क्षणभर एक अँपिअरच्या आसपास मागते. पुढच्या पॅनलची लांब वायर किंवा वेगळी वीज नसलेला हब मध्ये असला, की डिस्क टकटक करते आणि पुन्हा सुरुवात करते. म्हणून मदरबोर्डच्या मागच्या पोर्टलाच लावा. साडेतीन इंची एक्स्टर्नलला १२ व्होल्टचा स्वतःचा अडॅप्टर असतो, आणि हमखास चूक तिथेच होते. सर्व्हर यूपीएसवर आणि अडॅप्टर भिंतीच्या सॉकेटला. भारनियमन झालं किंवा गल्लीतली डीपी उडाली, की सर्व्हर जिवंत राहतो आणि त्याच्या हातातली डिस्क मात्र जाते.

आता वेग. एलिमेंट्ससारखी डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते असं धरलं, तर एका फेरीला ११ मिलिसेकंद, म्हणजे हवी ती जागा मुंडीखाली यायला सरासरी साडेपाच. त्यात मुंडी सरकायचे १२ एक धरा. सेकंदाला साठेक उड्या, बस. वाचन रॅममधल्या कॅशने भागतं, पण डेटाबेस प्रत्येक व्यवहार डिस्कवर पक्का उतरला का हे थांबून बघतो. वीस जण एकदम पावती फाडायला बसले की रांग लागते. एसएसडी हेच काम हजारोंच्या घरात करतो. एलिमेंट्सचं आणखी एक खोडीचं वागणं म्हणजे झोप. काही वेळ काम नसलं की डिस्क थांबते आणि पुढच्या माणसाला ती परत फिरेपर्यंत काही सेकंद कोरं पान बघावं लागतं.

टी७ मध्ये फिरणारं काही नाही, वाचन सेकंदाला १०५० एमबी लिहिलेलं आहे आणि ते खरं आहे, फक्त १० गिगाबिटचं पोर्ट असेल तर. जुन्या डेस्कटॉपच्या ५ गिगाबिटवर ते निम्म्याच्याही खाली येतं. साइटला त्याने फरक पडत नाही. फरक पडतो तो मधल्या चिपमुळे. कुठल्याही यूएसबी ड्राइव्हसाठी झाडासारखी यादी दाखवणारा ‘-t’ पर्याय लावून एलएसयूएसबी ही आज्ञा चालवा आणि ड्रायव्हर ‘यूएएस’ (एकाच वेळी अनेक हुकूम नेणारा) दिसतो का बघा. नुसतं ‘यूएसबी-स्टोरेज’ दिसलं तर एका वेळी एकच हुकूम जातो, मग ड्राइव्ह कितीही भारी असो. शिवाय यूएसबीवरच्या बऱ्याच एसएसडींना लिनक्स आपोआप ट्रिम (कुठली जागा पुसून मोकळी झाली याची खबर) देत नाही. एफएसट्रिम चालवल्यावर ‘सपोर्ट नाही’ असं उत्तर आलं, तर रोज लॉग लिहिणाऱ्या सर्व्हरवर तो हळूहळू जड होत जाणार.

८७० ईव्हो साटावर (मदरबोर्डच्या डिस्क जोडणीवर) ५६० एमबीपर्यंतच जातो, कागदावर टी७ च्या जवळपास निम्मा. तरी तोच घ्या. ५०० जीबीच्या ड्राइव्हला ५ वर्षं किंवा ३०० टीबी लिखाण, यातलं जे आधी होईल ती वॉरंटी आहे. दिवसाला ५० जीबी लिहिलं तरी ३०० टीबी व्हायला सोळा वर्षं लागतात. ट्रिम चालतं, तापमान दिसतं, केबल आतल्या आत असते. उणीव एक आहे. वीज गेल्यावर हातातलं काम पुरं करायला लागणारे कपॅसिटर यात नाहीत, ते एंटरप्राइझ ड्राइव्हमध्ये असतात. म्हणजे यूपीएस हवाच. बजेट असेल तर दोन घेऊन रेड १ करा, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा राहतो. यूएसबीवरच्या ड्राइव्हचं रेड करायच्या भानगडीत पडू नका, एक सटकला की तासन् तास जुळवणी चालते. पॉवर कनेक्टर कमी पडला तर मोलेक्सवरून साटा करणारी ओतीव प्लॅस्टिकची पिन टाळा. तिच्यात आतल्या तारा चिकटून जळतात. दाबून बसवलेल्या तारांची घ्या.

जागा टीबीत हवी असेल, फोटो-व्हिडिओ भरपूर असतील, तर आत फिरणारी डिस्क चालेल. तेव्हा डब्ल्यूडी रेड प्लस किंवा सीगेट आयर्नवुल्फ पाहा. डब्ल्यूडीचा साधा ‘रेड’ आणि ‘रेड प्लस’ यात गल्लत करू नका. २०२० मध्ये साध्या रेडच्या २ ते ६ टीबी मॉडेलांत एसएमआर असल्याचं कंपनीला मान्य करावं लागलं होतं. एसएमआर म्हणजे कौलांसारखे एकावर एक चढवलेले ट्रॅक. थोडं बदलायचं तरी शेजारचं पुन्हा लिहावं लागतं.

आता एलिमेंट्सचं खरं काम, बॅकअप. कारखान्यातून तो एनटीएफएस किंवा एक्सफॅट होऊन येतो. सर्व्हरला लावायचा तर आधी ईएक्सटी४ करा, नाहीतर फाइलींचे मालक-परवाने टिकत नाहीत. एफएस-टॅबमध्ये (कुठला ड्राइव्ह कुठे जोडायचा याची फाइल) ‘एसडीबी१’ लिहू नका, यूयूआयडी (ड्राइव्हचा न बदलणारा ओळख क्रमांक) लिहा. सोबत ‘नोफेल’ (ड्राइव्ह नसला तरी अडून बसू नको) आणि १० सेकंदांची मुदत. ‘नोफेल’ नसेल आणि ड्राइव्ह काढलेला असेल, तर सर्व्हर इमर्जन्सी मोडला जाऊन बसतो आणि रविवारी तिथे कीबोर्ड लावायला कुणीतरी जावं लागतं.

याच सोयीतून एक मोठा घोटाळा होतो. ड्राइव्ह माउंट झाला नाही, पण त्याचं फोल्डर रिकामं का होईना तिथे आहेच. रात्रीची आरसिंक (फाइली कॉपी करणारी आज्ञा) त्या फोल्डरात, म्हणजे आतल्या एसएसडीवरच, सगळा बॅकअप ओतते. सकाळी डिस्क १०० टक्के, डेटाबेस बंद. उपाय दोन आहेत, दोन्ही करा. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘माउंटपॉइंट’ने तपासा, जोडलेलं नसेल तर तिथेच थांबा. आणि ड्राइव्ह काढलेला असताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर या आज्ञेने ‘प्लस आय’ (बदल बंद) लावून ठेवा, म्हणजे रूटलाही त्यात लिहिता येणार नाही.

पूर्ण भरायला लागणारा वेळ आधीच धरा. २ टीबी यूएसबी ३.० वर सेकंदाला १२० एमबीने साडेचार तास, आणि चुकून २.० च्या पोर्टला लावलं तर ३५ एमबीने सोळा तास. बॅकअप झाला की अनमाउंट करून काढा. एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठा) जळताना आतल्या सगळ्या डिस्का एकदम नेऊ शकतो, तेव्हा लावून ठेवलेला एक्स्टर्नलही त्याच तारेवर असतो.

मिनी पीसीत एम.२ ची खाच असेल तर प्रश्नच मिटला, छोट्या हीटसिंकसह एनव्हीएमई (थेट बोर्डवर बसणारा चपटा एसएसडी) बसवा. रास्पबेरी पाय ४ वर यूएसबीशिवाय गत्यंतर नाही, आणि त्याच्या चारही पोर्टांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. तिथे एसएसडीच लावा.

एक्स्टर्नल फोडून आतली डिस्क कॅबिनेटला लावू, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. एलिमेंट्स पोर्टेबलमध्ये यूएसबीचं सॉकेट डिस्कच्याच पट्टीवर झाळलेलं असतं, साटाचा जोड नसतोच. साडेतीन इंचीत असतो, पण जुन्या एसएमपीएसवर तिसऱ्या पिनमुळे ती डिस्क फिरतच नाही, पिनेवर कॅप्टॉन टेप (वीज न वाहू देणारी पट्टी) चिकटवावी लागते. आणि वॉरंटीचा दावा अवघड होतो तो वेगळाच.

गोलाणी मार्केटात घ्या की ऑनलाइन, खोक्यावरचा मॉडेल नंबर पूर्ण वाचा आणि पैसे देण्याआधी सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते मोबाइलवर बघा. घरी आल्यावर स्मार्टची लांब चाचणी लावा. २ टीबीला चारेक तास किंवा जास्तही लागतात, आणि तेवढ्यात एलिमेंट्सला झोप लागून चाचणी अर्ध्यात थांबू शकते, म्हणून मिनिटाला एकदा त्यावरचं काहीतरी वाचणारी एक ओळ बाजूला चालू ठेवा.