हेड गॅस्केटच्या नावाखाली 18,000 रुपये: कूलंट गळणाऱ्या जुन्या गाडीचा अनुभव

जुन्या गाडीतले कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कमी होऊ लागले की त्याचे कारण होज पाइपच्या ढिल्या क्लिपपासून थेट हेड गॅस्केटपर्यंत (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली, कूलंट, ऑइल व जळता वायू एकमेकांपासून वेगळे ठेवणारी पातळ पट्टी) काहीही असू शकते, आणि या दोन टोकांमधल्या खर्चाच्या फरकावरच काही गॅरेजवाल्यांचे फावते. उत्तर गोव्यातील अशाच एका गॅरेजने माझ्याकडून हेड गॅस्केट बदलल्याचे 18,000 रुपये घेतले. प्रत्यक्षात हेड उघडलेच गेले नव्हते.

गाडी 2007 सालची, पेट्रोलवर चालणारी, तीन सिलिंडरची. डिचोली ते पणजी असा रोजचा प्रवास. कूलंटच्या बाटलीतली पातळी खालच्या रेषेच्याही खाली जाऊ लागली होती, पण सकाळी गाडीखाली थेंबही दिसत नसे. चतुर्थी तोंडावर आली होती आणि गाडीवाचून आमचे चालणार नव्हते. गॅरेजवाल्याने हे पहिल्या दोन वाक्यांतच काढून घेतले. त्याने इंजिन ऑइलचे झाकण उघडून आतला पांढरट लेप दाखवला, सायलेन्सरमधून येणारी पांढरी वाफ दाखवली आणि म्हणाला, "पात्रांव, हेड गॅस्केट गेलंय. असंच चालवलंत तर इंजिन सीझ होईल."

हे दोन्ही पुरावे ऐन पावसाळ्यात कोणत्याही जुन्या गाडीवर दाखवता येतात. दमट हवेत थोड्या थोड्या अंतराचा प्रवास झाला की झाकणाखाली वाफ धरून ऑइलचा असा लेप तयार होतो. कूलंट खरोखरच ऑइलमध्ये मिसळत असेल, तर डिपस्टिकवरचे (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीवरचे) ऑइलही सहसा दुधाळ दिसते; माझ्या डिपस्टिकवरचे स्वच्छ होते, आणि ती त्याने बाहेर काढलीच नाही. थंड इंजिन सुरू करताना निघणारी व गरम झाल्यावर नाहीशी होणारी वाफही दोष नव्हे. इंजिन पूर्ण तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला, तर मात्र शंका घ्यावी.

गाडी परत घेताना त्याने काळवंडलेले जुने गॅस्केट हातात दिले, ते मी डिकीत टाकून घरी आणले. गळती थांबली होती. चतुर्थी निर्विघ्न पार पडली, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला.

फोंड्याच्या एका वयस्क मेस्त्रीने इंजिन थंड होऊ दिले आणि मगच रेडिएटरचे झाकण उघडले (तापलेल्या इंजिनावर ते उघडल्यास उकळते पाणी अंगावर उडते). आत तपकिरी, रवाळ गाळ होता. गळती तात्पुरती बुजवणारी पावडर आत सोडलेली होती आणि तिनेच रेडिएटरच्या बारीक नळ्या अर्ध्याअधिक तुंबल्या होत्या. मग त्याने झाकणाच्या जागी मीटर असलेला हातपंप बसवला आणि झाकणावर छापलेल्या 0.9 या आकड्याइतका दाब भरला. काटा हळूहळू उतरू लागला. टॉर्चच्या उजेडात रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी जिथे अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला जोडलेली असते, तिथे हिरवट पांढरी खपली दिसली आणि तिच्या कडेने कूलंट पाझरताना दिसले. गाडी चालू असताना दाब वाढला की तिथून गळे आणि गरम धातूवरच वाळून जाई, म्हणून जमिनीवर काहीच पडत नव्हते.

हेड काढायचे तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे हेडला जोडलेला धूर बाहेर नेणारा नळ, सोडवावा लागतो. त्याच्या नटांवरचा गंज जसाच्या तसा होता, पान्याची एक खूणही नव्हती. डिकीतले गॅस्केट मेस्त्रीने बाकावर पसरले आणि त्याला हसू आवरेना, कारण त्याला सिलिंडरची भोके चार होती.

म्हणून कोणी हेड गॅस्केटचे नाव काढले, तर आधी आपल्यासमोर ही दाबाची चाचणी करायला सांगावे. दाब उतरतो आहे पण बाहेर कुठेच ओल नाही, असे आढळले तर पुढच्या सीटखालचा गालिचा हाताने चाचपावा. तो चिकट ओला असेल तर दोष हीटरच्या आतल्या रेडिएटरमध्ये असतो. एसीचे पडणारे पाणी रंगहीन व बिनवासाचे असते, त्याची धास्ती घेऊ नये. तिथेही काही सापडले नाही, तर रेडिएटरमधून येणारी हवा निळ्या द्रावणातून सोडण्याची चाचणी असते. त्या हवेत सिलिंडरमधला जळालेला वायू असेल तर द्रावण पिवळे पडते आणि हेड गॅस्केटचा संशय बळावतो. ही चाचणी करण्याची ज्याची तयारी नाही, त्याच्या हाती इंजिन उघडायला देऊ नये.

माझ्या बिलावर 'इंजिन वर्क' एवढेच लिहिलेले आहे. तरीही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत मिळते आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक मार्गदर्शन मिळते. मी ग्राहक आयोगाकडे जाणार असल्याचे कळवल्यावर गॅरेजमालकाने निम्मी रक्कम परत देऊ केली. अट एवढीच घातली की ते जुने गॅस्केट त्याला परत द्यावे. ते अजून माझ्याकडेच आहे.