व्हर्च्युअलबॉक्स की व्हीएमवेअर?

विंडोजमध्येच उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) चालवायचंय तर पहिला प्रश्न हाच; दोन्ही सॉफ्टवेअर कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवतात. आधी उत्तर सोपं होतं, व्हर्च्युअलबॉक्स फुकट आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो विकत, पण नोव्हेंबर २०२४ पासून तेही सगळ्यांना फुकट झालंय, फक्त डाउनलोडसाठी ब्रॉडकॉमच्या (व्हीएमवेअरची मालक कंपनी) साइटवर अकाउंट काढत बसावं लागतं. व्हर्च्युअलबॉक्स ओपन सोर्स, सरळ उतरवा नि चालू करा. मात्र त्याचं गेस्ट अ‍ॅडिशन्स हे जोड-सॉफ्टवेअर उबुंटूच्या आत टाकल्याशिवाय विंडोज-उबुंटूमध्ये कॉपी-पेस्ट होत नाही, नवखे इथेच अडकतात. थ्रीडी ग्राफिक्स हवं तर व्हीएमवेअर सरस. बाकी माझ्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर उबुंटूला ४ दिली की पंखा दोन्हीकडे सारखाच बोंबलतो. शिकण्यापुरतं मी व्हर्च्युअलबॉक्सच ठेवलंय, आधी स्नॅपशॉट (आहे त्या स्थितीची नोंद, जिथे परत जाता येतं) काढायचा, मग काय हवं ते बिघडवा.