आपल्याच उमेदवाराबद्दलची घालमेल मोजायची तर: एएनईएसच्या मोफत डेटाचं परीक्षण

अमेरिकेत अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांच्या जोडीला मिळून एकच मत पडतं. जोडीतला एक पसंत आणि दुसरा नकोसा असला तरी मतपत्रिकेवर खूण एकच. त्यामुळे निकालाच्या आकड्यांत मतदाराची घालमेल उमटतच नाही. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या चाचण्यांत तिची चुणूक दिसते. २०१६ मध्ये १८ टक्के मतदारांनी क्लिंटन आणि ट्रम्प या दोघांबद्दलही प्रतिकूल मत सांगितलं. त्यांतल्या ४७ टक्क्यांनी ट्रम्प यांना आणि ३० टक्क्यांनी क्लिंटन यांना मत दिलं. २००८ मध्ये मॅकेन यांच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी उभ्या असलेल्या सेरा पेलिन वेळ आली तर अध्यक्षपद सांभाळायला पात्र नाहीत, असं ६० टक्के मतदार म्हणाले. पण त्यांत मॅकेन यांचे स्वतःचे मतदार किती, आणि पेलिन खटकत असूनही त्यांनी जोडीला मत का दिलं, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

हे शोधायचं असेल तर अमेरिकन नॅशनल इलेक्शन स्टडीज, म्हणजे एएनईएस, हे पहिलं ठिकाण. १९४८ पासून अध्यक्षीय निवडणुकांच्या वेळी मतदारांच्या सविस्तर मुलाखती घेणारा हा प्रकल्प मिशिगन आणि स्टॅनफर्ड ही विद्यापीठं आणखी काही विद्यापीठांच्या साथीने चालवतात. डेटा पूर्ण मोफत आहे. संकेतस्थळावर नाव नोंदवलं की एसपीएसएस आणि स्टेटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरच्या किंवा साध्या सीएसव्ही स्वरूपात फाइल उतरवता येते. एसपीएसएस विकत घ्यायची गरज नाही. तसंच काम करणारं पीएसपीपी मोफत आहे, आणि ‘आर’ या मोफत संगणकभाषेत ‘हेवन’ व ‘सर्व्हे’ ही दोन पॅकेजेस पुरतात. यातलं काहीच येत नसेल तर एसडीए या ऑनलाइन साधनात ब्राउझरमध्येच तक्ते काढता येतात.

सगळ्यात प्रसिद्ध प्रश्न थर्मामीटरचा. उमेदवाराचं नाव सांगून ० ते १०० अंशांत भावना विचारतात: ५० च्या वर जिव्हाळा, खाली नावड, आणि ५० म्हणजे धड हे नाही, धड ते नाही. २०२०च्या फाइलमध्ये बायडन यांचा अंश व्ही२०११५१ या रकान्यात, ट्रम्प यांचा व्ही२०११५२, कमला हॅरिस यांचा व्ही२०११५३ आणि माइक पेन्स यांचा व्ही२०११५४ मध्ये आहे. चारही प्रश्न निवडणुकीआधीच्या मुलाखतीतले. अध्यक्षपदाचा उमेदवार वजा त्याचा जोडीदार ही वजाबाकी म्हणजे जोडीतला फरक. पक्षाचे मतदार वेगळे काढण्यासाठी व्ही२०१२३१एक्स हा सात पायऱ्यांचा रकाना वापरावा: १ म्हणजे कट्टर डेमोक्रॅट, ४ कोणत्याच बाजूचा नाही, ७ कट्टर रिपब्लिकन. ३ आणि ५ वर असलेले, म्हणजे स्वतःला अपक्ष म्हणणारे पण एका पक्षाकडे झुकलेले, यांना त्या पक्षात धरावं. त्यांचं मतदान बहुतेक वेळा पक्षनिष्ठांसारखंच असतं, आणि उमेदवाराबद्दलची खळखळ त्यांच्याकडूनच जास्त ऐकू येते.

इथे हमखास होणारी एक चूक. ‘पक्षाचे मतदार’ म्हणून ज्यांनी त्या पक्षाला मत दिलं तेच निवडले, तर नाराज होऊन घरी बसलेले आणि पलीकडे गेलेले आधीच गळून जातात. उरतात ते बहुतेक खूश लोक. मग निष्कर्ष निघतो की पक्षात सगळं आलबेल आहे. निवड पक्षनिष्ठेच्या रकान्यावरून करावी आणि मत कुणाला दिलं हे नंतर, वेगळा प्रश्न म्हणून तपासावं.

दुसरी चूक आणखी साधी, पण सगळं गणित बिघडवणारी. उत्तर नाकारलं किंवा तांत्रिक अडचण आली तर ऋण आकडे नोंदलेले असतात. माहीत नाही किंवा ओळखत नाही यांसाठी ९९८ आणि ९९९. हे काढून टाकले नाहीत तर नऊ जणांनी ६० अंश दिले आणि दहावा ९९८ निघाला, की सरासरी येते १५३.८. एवढी मोठी गफलत डोळ्यांत भरते. ऋण आकड्यांची भरत नाही. ते सरासरी गुपचूप खाली ओढतात आणि उमेदवार उगाचच नावडता दिसतो. २०१६च्या फाइलमध्ये ऋण आकडे वेगळे आहेत, त्यात -९९, -८९, -८८ हेही येतात. म्हणून एका वर्षासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या वर्षाला तशीच लावू नये. सगळ्यात सुरक्षित नियम: ० पेक्षा कमी आणि १०० पेक्षा जास्त ते सगळं कोरं करणं.

उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या बाबतीत मात्र ‘ओळखत नाही’ ही नोंद फेकून देण्यासारखी नाही. २०१६ मधले क्लिंटन यांचे जोडीदार टिम केन यांच्यासारखा, राष्ट्रीय पातळीवर फारसा परिचित नसलेला माणूस जोडीला आला, की ओळखणाऱ्यांचीच सरासरी हाती लागते. राजकारणाकडे बारीक लक्ष ठेवणारे लोक साहजिकच त्यांत जास्त असतात. आधी किती जणांनी अंशच दिला नाही ते मोजावं, मग सरासरीकडे वळावं. आणि वजाबाकी फक्त दोघांनाही अंश देणाऱ्यांपुरतीच करावी. अध्यक्षाची सरासरी सगळ्यांची आणि जोडीदाराची ओळखणाऱ्यांची, अशी दोन वेगळ्या गटांची वजाबाकी प्रकाशित लेखांतही दिसते. तिला अर्थ नाही.

आता मुख्य तक्रार. थर्मामीटर द्विधा मन मोजत नाही. एखाद्याला बायडन यांचा अनुभव आवडतो, वय खटकतं. तो ५० सांगतो. दुसऱ्याला बायडन यांच्याशी काही देणंघेणंच नाही; तोही ५० सांगतो. पहिल्याच्या मनात ओढाताण आहे, दुसऱ्याचं मन रिकामं आहे, आणि फाइलमध्ये दोघं शेजारी शेजारी एकाच आकड्यावर बसलेत. शिवाय मुलाखतीत समोर धरलेल्या कार्डावर ०, १५, ३०, ४०, ५०, ६०, ७०, ८५, १०० एवढ्याच खुणांना शब्द जोडलेले असल्याने उत्तरांची गर्दी त्याच आकड्यांवर होते. ६२ आणि ६६ मधला फरक शोधत बसण्यात वेळ घालवू नये.

यावर उतारा याच सर्वेक्षणात आहे आणि लोक त्याकडे कमी वळतात याचं वाईट वाटतं. १९५२ पासून एएनईएस विचारत आलं आहे: या उमेदवारात मत द्यावंसं वाटेल असं काही आहे का? आणि त्याच्याविरुद्ध मत द्यावंसं वाटेल असं काही? पूर्वी मुलाखतकार ‘आणखी काही?’ म्हणत जात आणि प्रत्येक बाजूची पाचपर्यंत उत्तरं नोंदवली जात. आवडीची संख्या आणि नावडीची संख्या हाती आली की द्विधेचं सूत्र सोपं आहे: दोन्हींच्या बेरजेचं निम्मं, वजा दोन्हींतला फरक. तीन आवडी, तीन नावडी असतील तर ३ वजा ० म्हणजे ३. चार आवडी, एक नावड: अडीच वजा तीन, म्हणजे उणे अर्धा. पाच आवडी आणि नावड शून्य: उणे अडीच, जो तळ. पाच-पाच: ५, जो कळस.

या सूत्राची एक खोट आहे, ती पाठ्यपुस्तकी मांडणीत झाकली जाते. ज्याला काहीच आवडत नाही आणि काहीच खटकत नाही त्याचा आकडा ० येतो. म्हणजे पक्क्या चाहत्यापेक्षा हा उदासीन माणूस सूत्राच्या हिशेबी ‘जास्त द्विधा’ ठरतो. तसाच आकडा समीकरणात टाकला तर उदासीनता आणि ओढाताण पुन्हा एकमेकांत मिसळतात, आणि थर्मामीटर सोडून इकडे आल्याचा फायदाच जातो. शून्य-शून्य असलेल्यांचा वेगळा गट करावा, मग सूत्र लावावं.

अलीकडच्या वर्षांत हे काम कष्टाचं झालं आहे. २०२०च्या मुख्य फाइलमध्ये ‘काही आवडतं का’ आणि ‘काही खटकतं का’ यांची उत्तरं फक्त हो किंवा नाही एवढीच आहेत. लोकांनी काय लिहिलं ते, ओळख पटेल असा मजकूर गाळून, वेगळ्या एक्सेल फाइलमध्ये मिळतं. त्यातली कारणं स्वतः मोजावी लागतात. निदान दोघांनी स्वतंत्रपणे मोजावं आणि जिथे जुळत नाही तिथे नियम लिहून ठेवावा: ‘प्रामाणिक आणि सरळ’ हे एक कारण की दोन? ऑनलाइन उत्तर देणारा एका चौकोनात दोन शब्द लिहून मोकळा होतो, ‘आणखी काही?’ विचारणारं कुणी नसतं. त्यामुळे जुन्या समोरासमोरच्या मुलाखतींतल्या संख्यांशी २०२०च्या संख्या थेट लावू नयेत. वेळ नसेल तर हो-नाहीवरून चार खणांचा तक्ता करावा: फक्त आवड, फक्त नावड, दोन्ही, एकही नाही. एवढ्यानेही थर्मामीटरवरचे ५० वाले कुठल्या खणात पडतात ते लख्ख दिसतं.

उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला मात्र ही सोय नाही. २०१६ आणि २०२० मध्ये उमेदवारांबद्दलचे आवडी-नावडीचे खुले प्रश्न अध्यक्षपदाच्या उमेदवारांपुरतेच आहेत. जोडीदाराला केवळ अंश. पेन्स यांच्याबद्दलची ‘धर्मनिष्ठ आहेत हे बरं, पण...’ अशी भावना पकडायला इथे जाळंच नाही. माझ्या मते या सेवेतली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

भावनांचे थेट प्रश्न १९८० मध्ये आले: या उमेदवारामुळे तुम्हाला कधी राग आला का, आशा वाटली का, भीती वाटली का, अभिमान वाटला का. आशा आणि भीती दोन्हींना ‘हो’ म्हणणारा माणूस म्हणजे द्विधेचं शुद्ध उदाहरण. २०१६ मध्ये हे आहेत. २०२० मध्ये राग, आशा, भीती हे शब्द दिसतात, पण प्रश्न देशात जे चाललंय त्याबद्दलचा आहे. फाइलमध्ये शब्द शोधून रकाना उचलणाऱ्यांची इथे फसगत होते. प्रश्नावलीची पीडीएफ उघडून पूर्ण वाक्य वाचल्याशिवाय एकही रकाना वापरू नये.

भारांक, म्हणजे नमुन्याचा तोल साधण्यासाठी प्रत्येक उत्तराला दिलेलं वजन, विसरू नयेत. २०२० मध्ये निवडणुकीआधी ८,२८० आणि नंतर ७,४४९ मुलाखती झाल्या. फक्त आधीचे प्रश्न वापरत असाल तर व्ही२०००१०ए, नंतरचा एकही प्रश्न (उदाहरणार्थ, मत कुणाला दिलं) आला की व्ही२०००१०बी. ‘आर’मध्ये नमुन्याची रचना सांगताना गटासाठी व्ही२०००१०सी, स्तरासाठी व्ही२०००१०डी, आणि ‘नेस्ट’ हा पर्याय खरा ठेवायचा; रचना सांगितलीच नाही तर त्रुटीची मर्यादा खोटी कमी दिसते. पक्षनिष्ठ वेगळे काढायचे ते रचना सांगून झाल्यावर, आधी ओळी खोडून नाही. कोविडच्या साथीमुळे त्या वर्षी समोरासमोरच्या मुलाखती झाल्या नाहीत. ऑनलाइन, व्हिडिओ आणि फोन असे तीन मार्ग होते.

आधीच्या ८,२८० मध्ये २,८३९ जण २०१६ मध्येही मुलाखत दिलेले आहेत. क्लिंटन यांच्याबद्दल कुरकुर करणारे डेमोक्रॅट चार वर्षांनी बायडन यांच्याबद्दल काय म्हणाले, हे त्याच माणसांच्या तोंडून मिळतं. दोन फाइली स्वतः जोडण्यापेक्षा एएनईएसने दिलेली जोडलेली फाइल घ्यावी. माझ्या दृष्टीने अख्ख्या संग्रहातलं सोनं हे आहे.

मुलाखतीच्या तारखाही उपयोगी. २०१६ मध्ये निवडणुकीआधीच्या मुलाखती ७ सप्टेंबर ते ७ नोव्हेंबर अशा झाल्या. ट्रम्प स्त्रियांबद्दल अश्लील बोलत असल्याची ध्वनिचित्रफीत ७ ऑक्टोबरला बाहेर आली. त्यामुळे रिपब्लिकनांचा अंश त्याआधी आणि नंतर वेगळा काढता येतो. पण पहिल्या आठवड्यांत सापडणारे आणि शेवटी शेवटी हाती लागणारे लोक सारखे नसतात, म्हणून वय, शिक्षण आणि पक्ष यांचा हिशेब धरूनच तुलना करावी. जोडीदाराचं नाव जाहीर झालं त्या आठवड्यात काय झालं, हे मात्र इथे शोधू नये. उमेदवारीची घोषणा बहुधा मुलाखती सुरू होण्याआधीच होऊन गेलेली असते.

अनेक दशकांची तुलना हवी असेल तर एकत्रित फाइल आहे. उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांचे अंश तिथे १९६८ पासून, मस्की आणि अ‍ॅग्न्यू यांच्यापासून मिळतात. दोन खड्डे सांभाळा. या फाइलमध्ये ९७ ते १०० अंश एकत्र करून ९७ लिहिले आहेत. वार्षिक फाइलशी तुलना करताना तिथलेही ९८ ते १०० खाली आणून ९७ करा, नाहीतर निस्सीम चाहते जुन्या काळात तीन अंशांनी थंड होते असं भासेल. दुसरं, १९६४ ते १९६८च्या नोंदींत ‘माहीत नाही’ म्हणणारे ५० मध्येच मिसळलेले आहेत. १९६८चा ५० आणि नंतरचा ५० एक नव्हे.

कागदपत्रं उत्तम, किंमत शून्य, आणि चुका करायला जागा भरपूर: पाचपैकी साडेचार. अर्धा गुण जोडीदाराच्या खुल्या प्रश्नांअभावी कापला. दुसऱ्या दिवशीच्या बातमीसाठी आकडा हवा असेल तर हे ठिकाण नाही. मतदानदिवसाच्या चाचण्या बघा.

हाच थर्मामीटर मराठीत आणून स्थानिक नेत्यांवर लावू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. इंग्रजीत ऊब म्हणजे माया; मराठीत ‘गरम झाला’ म्हणजे चिडला, आणि वैशाखात नागपुरात थंड कोण नको म्हणेल? अंशांचं भाषांतर फसतं. ‘शंभरपैकी किती गुण द्याल’ असं विचारलं तर लोकांना झटकन समजतं, पण शाळेत ३५ला पास होण्याची सवय असल्याने मधली रेघ ५० वरून खाली घसरते. म्हणून ५० म्हणजे ‘आवडही नाही, नावडही नाही’ हे प्रश्नातच लिहावं, आणि लगेच पाठोपाठ दोन प्रश्न ठेवावेत: यांच्यातलं काय पटतं, आणि काय खटकतं.