कूमासी, कोलॉइडल की सिल्व्हर? जेल रंगवण्याआधी हे ठरवा

एसडीएस-पेज (विजेच्या मदतीने जेलमध्ये प्रोटीन आकारानुसार वेगळी करण्याची पद्धत) संपलं की बहुतेक जण फडताळात जी बाटली भरलेली असेल ती जेलवर ओततात. काम होतं, नाही असं नाही. पण पद्धत निवडायचीच असेल, तर कोणती जास्त नाजूक बँड (जेलवरची प्रोटीनची पट्टी) दाखवते एवढंच विचारून भागत नाही. रंग काढायला किती वेळ जाणार आणि त्या जेलचं पुढे काय होणार, हे दोन प्रश्न जास्त महत्त्वाचे.

आधी सगळ्यांच्या ओळखीचा निळा रंग, कूमासी आर-250. 0.1 टक्का रंग, 40 टक्के मिथेनॉल, 10 टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. अल्कोहोल आणि आम्ल मिळून प्रोटीन जेलमध्येच बसवून टाकतात आणि रंग मुख्यतः आर्जिनिन, लायसिनसारख्या अमिनो आम्लांना धरतो. रंगवायला तास-दोन तास पुरतात. खरा वेळ खातं ते डिस्टेनिंग, म्हणजे जादा रंग काढणं. जेल आरपार निळं झालेलं असतं आणि तो रंग हळूहळू बाहेर झिरपतो. बाहेरचं द्रावण निळं झालं की झिरपणं मंदावतं, म्हणून एकदाच भरपूर ओतण्यापेक्षा थोडं थोडं तीन-चारदा बदललेलं बरं. डब्याच्या कोपऱ्यात टिश्यू पेपरची गाठ टाकली तर ती रंग शोषत राहते आणि द्रावणही कमी लागतं. फक्त गाठ जेलवर टेकू देऊ नका, नाहीतर तेवढ्या जागी फिकट डाग उठतो.

आर-250 चा दुसरा त्रास म्हणजे थांबायचं कधी. 40 टक्के मिथेनॉलच्या डिस्टेनमध्ये जेल रात्रभर राहिलं, तर बॅकग्राउंडबरोबर (बँडमधल्या मोकळ्या जागेचा रंग) बँडही उतरतात आणि जेल आक्रसतं. रात्रभर ठेवायचंच असेल तर मिथेनॉल 10 टक्क्यांवर आणा. फार फिकं झालं तर पुन्हा रंगवता येतं, ही या पद्धतीची मोठी सोय. बँड दिसायला साधारण 50 ते 100 नॅनोग्रॅम प्रोटीन लागतं. बॅक्टेरियात प्रोटीन तयार झालं की नाही एवढं बघायला ते भरपूर झालं.

त्याच कामाला मी मात्र आता गरम पाण्यातली जी-250 (कूमासीचाच दुसरा प्रकार) सुचवेन. एक लिटर पाण्यात 60 ते 80 मिलिग्रॅम रंग दोन-तीन तास ढवळायचा, मग 3 मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घालायचं. मिथेनॉल नाही, अ‍ॅसिटिकचा नाकात जाणारा वास नाही. जेल आधी साध्या डिस्टिल्ड पाण्यात मायक्रोवेव्हमध्ये गरम करून उकळी फुटायच्या आत काढायचं, काही मिनिटं हलवायचं, पाणी फेकायचं, असं तीनदा. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि मग ‘या पद्धतीत बॅकग्राउंड राहतं’ अशी तक्रार येते. जेलमध्ये एसडीएस (जेल चालवताना वापरलेला साबणासारखा पदार्थ) उरलं तर ते रंगाच्या आड येतं, दुसरं काही नाही. नंतर रंग घालून पुन्हा गरम केलं की पंधरा-वीस मिनिटांत ठळक बँड दिसू लागतात, आणि डिस्टेन म्हणजे नुसतं पाणी. उणीव एकच: प्रोटीन आधी फिक्स होत नाही, त्यामुळे 10 किलोडाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) खालचे पेप्टाइड, म्हणजे प्रोटीनचे छोटे तुकडे, धुपून जाऊ शकतात. त्यांच्यासाठी आर-250 कडेच परत जा. आणि वेळ वाचवायला आर-250 चं मिथेनॉलवालं द्रावण मायक्रोवेव्हमध्ये ठेवण्याची चाल बऱ्याच ठिकाणी आहे, ती सोडा. ती वाफ विषारी आहे आणि पेटही घेते.

बँड कापून मास स्पेक्ट्रोमेट्रीला (वजनावरून प्रोटीन ओळखण्याचं तंत्र) पाठवायची असेल तर कोलॉइडल जी-250 घ्या. 2004 मध्ये आलेली ‘ब्लू सिल्व्हर’ची कृती अजून चालते: 0.12 टक्के रंग, 10 टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड, 10 टक्के अमोनियम सल्फेट, 20 टक्के मिथेनॉल. इथे रंगाचा बराचसा भाग कणांच्या रूपात असतो. हे कण जेलच्या छिद्रांत शिरू शकत नाहीत. जो थोडा सुटा रंग असतो तोच आत जाऊन प्रोटीनला चिकटतो. त्यामुळे बॅकग्राउंड मुळातच कमी आणि डिस्टेनिंगला पाणी पुरतं. बँडला 10 नॅनोग्रॅम किंवा त्याहूनही कमी प्रोटीन चालतं. किंमत मोजायची ती वेळाची, कारण चांगला रंग चढायला रात्र जाते. बाटली वापरण्याआधी हलवा आणि तळाचा गाळ बघून फिल्टर पेपर शोधू नका, तो गाळ म्हणजेच तुमचा रंग.

सिल्व्हर स्टेन एक नॅनोग्रॅमच्याही खाली जातो, पण त्यासाठी नाकदुऱ्या काढायला लावतो. पाणी अतिशुद्ध हवं. नळाच्या पाण्यातलं क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटला भेटलं की पांढरा गढूळपणा येतो. हातमोज्यांशिवाय जेल हाताळलं तर 50 ते 70 किलोडाल्टनच्या पट्ट्यात तुमच्याच त्वचेचं केराटिन उमटतं, आणि नवख्या माणसाला ते नवं प्रोटीन वाटतं. फॉर्मल्डिहाइड आणि सोडियम कार्बोनेटच्या डेव्हलपरमध्ये बँड भराभर गडद होत जातात. त्या वेळी फोन खिशात ठेवा आणि 5 टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड हाताशी. थोडा उशीर झाला तरी अख्खी लेन (एका नमुन्याचा उभा पट्टा) तपकिरी होते. बँडच्या गडदपणावरून प्रोटीन किती हे मात्र यात विचारू नये. ते प्रमाण फार लहान टप्प्यात टिकतं. जुन्या कृतींमधलं ग्लुटारल्डिहाइड प्रोटीनला एकमेकांत बांधून टाकतं, म्हणून मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या जेलला ते वगळलेली कृतीच वापरावी.

प्रमाण मोजायचंच असेल तर सिप्रो रुबीसारखे फ्लोरोसेंट रंग सिल्व्हरपेक्षा कितीतरी प्रामाणिक. पण ते महाग आणि डोळ्यांना थेट नीट दिसत नाहीत. जेल इमेजर (असा रंग टिपणारं फोटोचं यंत्र) नसेल तर तो विषय तिथेच संपतो.

मिथेनॉलऐवजी इथेनॉल वापरायचा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो बरोबरच आहे. महाराष्ट्रातल्या कॉलेजात मात्र शुद्ध इथेनॉल म्हणजे राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना आणि साठ्याची नोंदवही, त्यामुळे मिथेनॉलचा कॅन हटत नाही. पाण्यातल्या जी-250 ची बाजू मी इतकी लावून धरतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

नमुन्यात प्रोटीन किती असेल याचा अंदाजच नसेल, तर आधी कूमासी करा आणि फोटो काढून ठेवा. काहीच दिसलं नाही तर रंग पूर्ण उतरवून, पाण्याने नीट धुऊन तेच जेल सिल्व्हरला घालता येतं. उलट क्रम धरू नका.