गल्लीतला मदत कक्ष: पाचपैकी चार, एक सर्टिफिकेटपायी कापला

पुण्यात शनिवार पेठेत माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, वाड्याच्या जिन्याखालची खोली, दोन मशीन आणि भिंतीला रिळांचा स्टँड. आधीच सांगून टाकते, कारण ज्याचं शटर २०२१ च्या कोरोनात चार महिने दुसऱ्याच्या आदेशावर वर-खाली झालं तोच माणूस असा रिव्ह्यू लिहायला बसेल, बाकीच्यांना कशाला पडलंय.

तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी गणपती मंडळाची खोली आहे. नाव लिहित नाही, उगाच बोर्ड लागल्यासारखं वाटेल. एरवी तिथे ढोल, ताडपत्री आणि मागच्या दहा वर्षांच्या देखाव्यांचं थर्माकोल असतं. मे अखेरीस पोरांनी सगळं माळ्यावर टाकलं, एक टेबल, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कुणाचातरी जुना लॅपटॉप आणि बाहेर भिंतीला शाळेतला हिरवा फळा. झाला मदत कक्ष, लॉकडाऊनचे नियम सांगायला आणि सरकारी फॉर्म भरून द्यायला. फुकट. चहा नव्हता, पण टोमणे मिळायचे.

खरी वस्तू म्हणजे तो फळा. रोज सकाळी पोस्टातून रिटायर झालेले एक काका येऊन खडूने लिहायचे, अक्षर असं की मनिऑर्डरचा फॉर्म वाचतोय असं वाटावं. वर तारीख, मग 'आज काय चालू', 'आज काय बंद', 'किती वाजेपर्यंत', एवढंच. आणि खाली कायमची ओळ: 'उत्तर फळ्यावर असेल तर प्रश्न आत आणू नये.' मला आधी राग आलेला ह्या ओळीचा, नंतर एक दिवस त्या खुर्चीत अर्धा तास बसले तेव्हा कळलं, सतरा माणसं आली आणि त्यातल्या बारांनी फळ्याला पाठ करून विचारलं, काय हो आज किती वाजेपर्यंत?

बाहेरगावच्या लोकांना कळणार नाही हा घोळ काय होता, म्हणून लिहिते. १ जूनपासून आम्हाला दुकान उघडायला दुपारी २ पर्यंत परवानगी, ७ जूनपासून ४ पर्यंत, १४ पासून संध्याकाळी ७ पर्यंत, म्हटलं चला सुटलो, तर तो डेल्टा प्लस, कोरोनाचा नवा प्रकार, निघाला आणि २८ पासून परत ४ आणि शनिवार-रविवार कडी. त्यात राज्याने पाच लेव्हल काढलेल्या, पॉझिटिव्हिटी रेट किती, म्हणजे शंभर टेस्टमागे किती पॉझिटिव्ह, आणि ऑक्सिजनचे बेड किती टक्के भरलेत ह्यावर लेव्हल ठरणार, आदेश मुंबईहून निघणार, मग महापालिकेचा वेगळा निघणार, पिंपरी-चिंचवडचा वेगळा आणि ग्रामीणचा आणखी वेगळा. माझी बहीण चिंचवडला राहते, ती फोनवर सांगायची आमच्याकडे असं आहे, मी ते ऐकून गिऱ्हाईकाला सांगायचे आणि ते चुकीचं निघायचं. टीव्हीवर तर खाली पट्टीत एक आणि अँकरच्या तोंडात दुसरंच.

१ जूनला सकाळी मी किल्ली हातात घेऊन बाहेर उभी, फॉल-पिको अत्यावश्यक का बिगर-अत्यावश्यक? कपड्याचं दुकान म्हणावं तर मी कपडा विकत नाही, शिंपी म्हणावं तर ब्लाऊज शिवत नाही. शेजारचे म्हणाले उघडा हो, कोण बघतंय. कोण बघतंय म्हणणारे दंड भरायला येत नाहीत, म्हणून कक्षात गेले. तिथल्या मुलाने, इंजिनिअरिंगला आहे, कॉलेज ऑनलाइन म्हणून मोकळा, आदेशाची पीडीएफ उघडली आणि अंदाजाने काहीही न बोलता एकेक मुद्दा मोठ्याने वाचला. मग महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात फोन. उचलला नाही. परत लावला. चौथ्यांदा उचलला, त्याने विचारलं, पलीकडून काहीतरी झालं, त्याने परत विचारलं, "म्हणजे बिगर-अत्यावश्यक धरायचं, सोमवार ते शुक्रवार दोनपर्यंत, बरोबर ना सर?" आणि सर हो म्हणेपर्यंत फोन ठेवला नाही. मग वहीत लिहिलं, कुणाशी बोललो, किती वाजता. मला म्हणाला, "काकू, कुणी आलंच तर ही वही दाखवायला मला हाक मारा." कुणी आलं नाही. पण त्या दिवशी सव्वादोनला शटर ओढताना हात थरथरले नाहीत एवढं खरं.

तरी सोप्पं काहीच नव्हतं हां. फॉल-पिकोचं गिऱ्हाईक येतं संध्याकाळी, बायका ऑफिसातून घरी जाताना साडी टाकणार आणि दोन दिवसांनी नेणार, त्यामुळे ४ पर्यंत म्हणजे माझ्यासाठी जवळजवळ बंदच. ह्यात कक्ष काय करणार. ऑगस्टच्या सुरुवातीला व्यापाऱ्यांनी आंदोलन केलं, मग ८ तारखेला पालकमंत्र्यांनी जाहीर केलं आणि ९ पासून रात्री ८ पर्यंत झालं. त्या सकाळी काकांनी फळ्यावर '८ पर्यंत' एवढं मोठं लिहिलं की बाकीचं कोपऱ्यात गेलं.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल बोलू का नको. बोलतेच. कक्षाचा ग्रुप २५६ माणसांना भरला, तेव्हा लिमिटच तेवढी होती, आणि पहिल्याच दिवशी काढ्याच्या सात रेसिप्या, एक ऑडिओ क्लिप की उद्यापासून मिलिटरी येणार, आणि गुड मॉर्निंगचे गुलाब. त्यात फळ्याचा फोटो शोधायचा म्हणजे डाळीत खडा. दहा दिवसांनी 'ओन्ली ॲडमिन' केलं तेव्हा शांतता झाली. हे पहिल्या दिवशी करायला काय झालं होतं? अर्धा मार्क इथेच जाणार होता, पण पुढचं बघून परत दिला.

पुढचं म्हणजे चौकातल्या गजरेवाल्या मावशी. मंदिरं बंद, लग्नं पन्नास माणसांत, नंतर तर पंचवीस, गजरा घेणार कोण. पीएम स्वनिधी म्हणून योजना आहे, २०२० मध्ये सुरू झाली, फेरीवाल्यांना तेव्हा १० हजारांचं कर्ज, वेळेवर फेडलं तर व्याजात ७ टक्के सवलत. मावशींकडे महापालिकेचं फेरीवाला प्रमाणपत्र होतं, पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. अडलं कुठे, तर आधारला मोबाईल नंबर जोडलेला होता तो मुलाचा, मुलगा सासवडला, आणि ते सिम त्याने कधीच टाकून दिलेलं. ओटीपी येणार कुठे? दोन वेळा फॉर्म तिथेच लटकला. शेवटी एक पोरगी, बी.कॉमची, स्वतः मावशींना स्कूटीवर घालून आधार केंद्रावर घेऊन गेली, नंबर बदलला, मग आठवड्याने फॉर्म गेला. मी तिथेच होते, पिकोचे पैसे सुटे करायला गेलेले. मावशी खुर्चीत टोकावर बसलेल्या, टोपली मांडीवरच, आणि ओटीपी आल्यावर तिने आकडे वाचले तर मावशी म्हणतात, "अगं हळू, सांडतील." मी तेव्हा हसले, घरी जाऊन पण हसले. कर्ज जुलैत खात्यात आलं.

रिक्षावाल्यांना सरकारने १५०० जाहीर केलेले ना, त्याचे अर्जपण इथूनच भरले, आमच्या गल्लीतल्या सहा जणांचे तरी.

आता तक्रारी. एक, फोटो. धान्याची किटं वाटली एकदा, चांगलं केलं, पण वाटायच्या दिवशी अचानक एक इच्छुक उगवले, पुढच्या वर्षी महापालिकेचं इलेक्शन होणार असं तेव्हा धरलेलं ना, आणि प्रत्येक पिशवीमागे कॅमेऱ्याकडे बघणं सुरू. समोरच्या वाड्यातल्या एक काकू पदर तोंडावर घेऊन रांगेतून निघून गेल्या, मिस्टरांची नोकरी गेलेली त्यांच्या. पोरांना कळलं, रात्री त्यांच्या दाराशी पिशवी ठेवून आली, बेल न वाजवता. पण कळायला दुपार गेली. कॅमेरा दाराबाहेर ठेवायचा हे सांगायची हिंमत पाहिजे, ती दिसली नाही.

दुसरी तक्रार घरचीच. सासूबाईंचा कोरोनाच्या लशीचा पहिला डोस १० एप्रिलला झाला, भाच्याच्या मोबाईल नंबरवर. मग कोविशील्डच्या दोन डोसमधला गॅप ८४ दिवसांचा झाला, म्हणून जुलैत दुसऱ्यासाठी कक्षात गेलो. गर्दी होती, पोराने घाईत माझ्या नंबरवर नवीन रजिस्ट्रेशनच केलं. आधी कुठल्या नंबरवर घेतलेला हे त्याने विचारलं नाही आणि मला मेलीला सांगायचं सुचलं नाही. परिणाम असा की सासूबाईंना डोस दोन, आणि कोविनवर, म्हणजे लशीच्या सरकारी पोर्टलवर, सर्टिफिकेटं पण दोन, दोन्ही पहिल्याच डोसची! फायनल नाहीच. वय ७८, त्यांना कुठे मॉलमध्ये जायचं होतं, पण मुलीकडे बेळगावला जायचं होतं आणि तेव्हा कर्नाटकच्या बॉर्डरवर कागद मागायचे. मग कोविनच्या 'रेज ॲन इश्यू' मध्ये दोन्ही एकत्र करायची रिक्वेस्ट टाकली, त्याच पोराने टाकून दिली, तीन वेळा सॉरी म्हणाला. सासूबाई त्याला म्हणाल्या, "अरे असू दे, मला दोनदा पहिला नंबर आला." त्या मोठ्या मनाच्या आहेत, मी नाही, म्हणून एक मार्क कापला. पहिल्या डोसचा मोबाईल नंबर आठवून जायला हवं होतं, त्यांनी विचारलं नाही तरी सांगायला हवं होतं.

कक्षाची वेळ होती सकाळी १० ते १२, संध्याकाळी ५ ते ७, रविवारी फक्त फळा. त्या वर्षी १० सप्टेंबरला गणपती होते, मूर्ती त्याही वर्षी चार फुटांच्या आतच, पण मांडव छोटा झाला म्हणून ढोल काही छोटे होत नाहीत, त्यांना खोली लागणारच, त्यामुळे ऑगस्टअखेरीस टेबल उचलणार असं काका म्हणाले.  आणि आधारची झेरॉक्स घरूनच न्यावी लागायची, त्यांचा प्रिंटर कागद खायचा.